पिंपळपानांचा काढा आणि हृदयातलं ब्लॉकेज

‘पिंपळाची १५ पानं घ्या, देठ-टोक कापा, ग्लासभर पाण्यात उकळून एक तृतीयांश उरवा, १५ दिवसांत हृदयातलं ब्लॉकेज गायब.’ कोकणात हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. दाखला एकच: पान हृदयाच्या आकाराचं. पण किनाऱ्यावरच्या भेंडीच्या झाडाचं पान तसंच, कुंपणावरच्या गुळवेलीचं तसंच, पोफळीवर चढलेल्या नागवेलीचंही. मग सगळीच हृदयाची औषधं म्हणायची का?

ब्लॉकेज म्हणजे पाइपात अडकलेला गाळ नव्हे. चरबी, कोलेस्टेरॉल, कॅल्शियम रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत हळूहळू साचतं. पोटात जाऊन पचलेला काढा ते तिथून खरवडून काढत नाही.

‘आमच्या काकांना आराम पडला’ असं कुणी सांगतं, आणि ते खोटं बोलत नसतात. चालताना छातीत भरून येणारं दुखणं बसल्यावर काही मिनिटांत बहुधा आपसूक ओसरतं. म्हणून काढ्याआधीची आणि नंतरची अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र, शेजारी ठेवून बघायला मागा.

कोकम आगळाचंही, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचंही, असंच कौतुक चालतं. आगळात मीठ भरपूर. रक्तदाब असेल तर बेतानेच. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसवलेल्यांनी काढ्याच्या भरवशावर गोळ्या बंद केल्या, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.