पायांच्या शिरांचे जुनाट विकार : अमेरिकेतील माजी सैनिकांचे अपंगत्व-मूल्यांकन

लष्करी सेवेमुळे जडलेल्या किंवा बळावलेल्या पायांच्या शिरांच्या विकारासाठी अमेरिकेचे माजी सैनिक व्यवहार खाते ० ते १०० टक्के अपंगत्व ठरवते. दरमहा मिळणारी करमुक्त भरपाई या टक्केवारीवर अवलंबून असते.

शिरांतील झडपा नीट मिटेनाशा झाल्या की हृदयाकडे परतणारे रक्त पायात तुंबते. आधी शिरा फुगतात, घोटे सुजतात. पुढे त्वचा काळसर पडते, इसब होतो आणि जखमा चिघळतात. मूल्यांकनही साधारण याच क्रमाने चढते. खात्याच्या मूल्यांकन-यादीत फुगलेल्या शिरांचा (व्हेरिकोज व्हेन्स) संकेतांक ७१२० आहे. मात्र २०२१च्या सुधारणेपासून त्यांनाही शिरादाहोत्तर (शिरेच्या दाहानंतर उरणाऱ्या) विकाराचे, म्हणजे संकेतांक ७१२१चे निकष लागतात.

शिरा नुसत्या दिसत किंवा हाताला लागत असतील आणि त्रास नसेल, तर ० टक्के. हा नकार नव्हे : सेवेशी संबंध मान्य झालेला असतो आणि विकार वाढल्यास वाढीव टक्केवारी मागता येते. अधूनमधून सूज येत असेल किंवा फार वेळ उभे राहिल्यावर, चालल्यावर पाय दुखून थकत असतील, आणि पाय उंच ठेवून किंवा दाबमोजे घालून आराम पडत असेल, तर १० टक्के. सूज कायमची असेल आणि पाय उंच ठेवूनही पूर्ण उतरत नसेल, तर २०. खरा वाद बहुधा याच दोन पायऱ्यांमध्ये असतो. रात्रभर आडवे झाल्यावर सूज ओसरते, त्यामुळे सकाळच्या तपासणीत पाय प्रत्यक्षापेक्षा बरा दिसू शकतो. अशा वेळी जुन्या वैद्यकीय नोंदी मोलाच्या ठरतात. कायम सुजेबरोबर त्वचा काळवंडली किंवा इसब झाला तर ४०, न भरणारी जखमही असेल तर ६०, आणि पाय फळीसारखा कडक सुजून विश्रांतीतही सतत दुखत असेल तर १०० टक्के.

प्रत्येक पाय स्वतंत्रपणे मोजला जातो, पण टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. एका पायाला ४० आणि दुसऱ्याला २० असतील, तर उरलेल्या ६० टक्के क्षमतेचे २० टक्के, म्हणजे १२, मिळवून ५२ होतात. दोन्ही पाय बाधित असल्याने त्यांत ५२चा दहावा हिस्सा वाढतो आणि आकडा ५७वर जातो. अंतिम आकडा दहाच्या जवळच्या पटीत धरतात : तो ६० होतो. दहाव्या हिश्शाची ही वाढ हिशेबातून सुटली, तर माजी सैनिकाच्या हाती ५०च पडतात.