यादीत नाव आले, पण धोका किती?

१९९७ साली दक्षिण स्वीडनमध्ये हालांडसोस नावाच्या कड्यातून रेल्वेचा बोगदा खणण्याचे काम चालू होते. खडकातून पाणी फारच झिरपू लागले, म्हणून त्याच्या भेगांमध्ये एक रासायनिक मिश्रण दाबाने भरण्यात आले. या मिश्रणातले ॲक्रिलामाइड पुरते घट्ट होण्याआधीच पाण्याबरोबर वाहून बाहेर आले. आसपासच्या पाण्यातले मासे मेले, ते पाणी प्यायलेल्या गाई लुळ्या पडल्या आणि बोगद्यातल्या काही कामगारांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या. अन्न आणि कर्करोग यांच्याविषयीच्या एका मोठ्या शोधाची सुरुवात अशी स्वयंपाकघरापासून फार दूर झाली.

ॲक्रिलामाइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते आणि तांबडी पेशी जिवंत असेपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, ती खूण टिकून राहते. त्यामुळे कोणाच्या अंगात किती ॲक्रिलामाइड गेले, हे रक्त तपासून सांगता येते. स्टॉकहोममधील संशोधकांनी कामगारांचे रक्त तपासले आणि तुलनेसाठी या बोगद्याशी काहीही संबंध नसलेल्या लोकांचेही रक्त घेतले. कामगारांच्या रक्तात खूण सापडणार, हे अपेक्षितच होते. कोड्यात टाकले ते तुलनेच्या गटाने. ज्यांनी बोगदा पाहिला नव्हता आणि जे धूम्रपानही करत नव्हते, अशा लोकांच्या रक्तातही तीच खूण होती, फक्त कमी प्रमाणात. मग हा पदार्थ त्यांच्या शरीरात आला कुठून? तंबाखूच्या धुरात ॲक्रिलामाइड असते हे ठाऊक होते, त्यामुळे जे जे उष्णतेने करपते त्याच्याकडे संशय वळला. प्रयोगशाळेतल्या उंदरांना त्यांचेच नेहमीचे खाद्य तळून दिल्यावर त्यांच्या रक्तातली खूण स्पष्टपणे वाढली. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने जाहीर केले की तळलेला बटाटा, भाजलेला पाव आणि बिस्किटे यांत ॲक्रिलामाइड आहे. कोणी ते त्यात घातले नव्हते. माणूस अन्न भाजायला लागला तेव्हापासून ते तयार होतच आले असणार.

पावाचा एखादा तुकडा भाजताना नीट पाहिला तर हे रसायनशास्त्र डोळ्यांदेखत घडते. सुरुवातीला तुकड्यातले पाणी वाफ होऊन निघून जाते. जोवर ओल आहे तोवर पृष्ठभागाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे वर चढत नाही. ओल संपली की कडा तापू लागतात, फिकट पिवळा रंग धरतात, मग सोनेरी होतात आणि हवाहवासा खरपूस वास सुटतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेली ही अभिक्रिया शर्करा आणि अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) यांच्यात होते. त्या अमिनो आम्लांत ॲस्परजिन असेल आणि तापमान १२० अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल, तर रंग आणि वास यांच्याबरोबर ॲक्रिलामाइडही तयार होते. रंग जितका गडद, तितके ते जास्त. बटाट्यात ॲस्परजिन भरपूर असते, म्हणून ॲक्रिलामाइड असलेल्या पदार्थांत तळलेला बटाटा वरच्या जागी आहे. तोच बटाटा उकडला तर ॲक्रिलामाइड जवळजवळ होतच नाही, कारण पाणी त्याला तेवढे तापूच देत नाही. बटाटे फ्रिजमध्ये ठेवले की थंडीने त्यांतल्या स्टार्चची शर्करा होऊ लागते आणि असे बटाटे तळल्यावर लवकर काळपट पडतात, ही गोष्टही त्याच सूत्रातून कळते. चिरलेल्या फोडी काही वेळ पाण्यात ठेवल्या तर पृष्ठभागावरची शर्करा धुऊन जाते.

इथवरचे सारे पक्के आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते: या ॲक्रिलामाइडने माणसाला कर्करोग होतो का? यकृत ॲक्रिलामाइडचे ग्लायसिडामाइड बनवते, ते डीएनएला चिकटते, आणि उंदरांना अन्नातून मिळेल त्याच्या कितीतरी पट मात्रा दिली तर त्यांना गाठी होतात. माणसांच्या पाहण्यांमध्ये मात्र आहारातले ॲक्रिलामाइड आणि कर्करोग यांचा सातत्याने दिसणारा संबंध आढळलेला नाही. याचा अर्थ धोका शून्य आहे असा होत नाही. तो असला तर मोजता येण्याइतका मोठा दिसत नाही, एवढेच म्हणता येते. अशा पाहण्यांना मुळातच मर्यादा असतात. ॲक्रिलामाइड अजिबात न खाणारा माणूस तुलनेसाठी मिळत नाही, कारण ते कमीअधिक प्रमाणात सगळेच खातात. गेल्या वर्षभरात आपण आठवड्यातून किती वेळा तळलेला बटाटा खाल्ला, याचे प्रामाणिक उत्तरही बहुतेकांना आठवून सांगावे लागते, आणि तो बटाटा सोनेरी होता की तपकिरी, हे तर कोणीच सांगू शकत नाही. युरोपीय महासंघाने २०१८ पासून खाद्यउत्पादकांना ॲक्रिलामाइड कमी ठेवण्याचे नियम लागू केले आहेत, ते सावधगिरी म्हणून. ती सावधगिरी मला रास्त वाटते. भाजलेल्या पावाची धास्ती घेणे मात्र रास्त वाटत नाही.

‘अमुक पदार्थ कर्करोगकारक’ अशा बातम्यांच्या मागे बहुधा एकच संस्था असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखालील ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली आणि तिचे मुख्यालय फ्रान्समधील लिऑन येथे आहे. ती पदार्थांना श्रेणी देते: पहिल्या श्रेणीत माणसात कर्करोग होतो हे पुरेशा पुराव्याने ठरलेले पदार्थ, २-अ मध्ये ‘बहुधा’, २-ब मध्ये ‘शक्यता आहे’, आणि तिसऱ्या श्रेणीत निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नसलेले पदार्थ. ॲक्रिलामाइड १९९४ पासून २-अ मध्ये आहे. ही श्रेणी पुरावा किती भक्कम आहे ते सांगते. धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. न्यायालयात पाकीटमारीही निर्विवाद सिद्ध होऊ शकते आणि खूनही. दोघांवर ‘दोषी’ हाच शिक्का बसतो, म्हणून दोन्ही गुन्हे सारखे ठरत नाहीत.

ऑक्टोबर २०१५ मध्ये हा घोळ जगभर झाला. दहा देशांतल्या २२ तज्ज्ञांनी ८०० हून अधिक अभ्यास तपासून प्रक्रिया केलेल्या मांसाला, म्हणजे खारवून, धुरी देऊन किंवा नायट्राइट घालून टिकवलेल्या मांसाला, पहिल्या श्रेणीत टाकले. तांबड्या मांसाला, म्हणजे बोकड, गाय, डुक्कर अशा प्राण्यांच्या मांसाला, २-अ श्रेणी मिळाली. पहिल्या श्रेणीत तंबाखूही असल्यामुळे दुसऱ्या दिवशीचे मथळे काय असणार, हे ठरल्यासारखेच होते. मूळ निष्कर्ष असा होता की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हे १८ टक्के मूळच्या धोक्यावर मोजायचे असतात. एखाद्या समाजात शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा रोग होतो असे धरले, तर ते शंभरही जण रोज तेवढे मांस खाऊ लागल्यावर ही संख्या सहाच्या आसपास जाईल. वाढ खरी आहे, आणि मोठ्या लोकसंख्येत ती हजारो रुग्णांएवढी भरते. पण शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होईल असा तिचा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वेळी जे अंदाज पुढे ठेवले, त्यांनुसार जगात दर वर्षी सुमारे ३४ हजार कर्करोगमृत्यूंमागे प्रक्रिया केलेल्या मांसाचा मोठा वाटा असलेला आहार आहे, तर तंबाखूमागे सुमारे दहा लाख आणि मद्यामागे सुमारे सहा लाख.

मद्याचा हा आकडा नेहमीच नजरेआड होतो. मद्य १९८८ पासून पहिल्या श्रेणीत आहे. शरीरात त्याचे ॲसिटाल्डिहाइड होते आणि ते डीएनएला इजा करते. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन, इतक्या ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध ठरलेला आहे. तरीही जळक्या पावावर जितकी शाई खर्च होते तितकी पेल्यावर होत नाही.

अन्नातल्या ज्या कर्करोगकारकाबद्दल कोणालाच शंका नाही, त्याची गोष्ट वेगळी आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. कारण कळेना म्हणून या रोगाला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. तपास त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोहोचला आणि तिच्यावर ॲस्परजिलस फ्लेवस नावाची बुरशी सापडली. त्या बुरशीच्या नावातली अक्षरे जोडून तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हटले गेले. शेंगदाणा आणि मका उष्ण, दमट हवेत नीट न वाळवता साठवले की ही बुरशी धरते. मूठभर दाणे पसरून पाहिले तर बहुतेक टपोरे, स्वच्छ असतात. विष असलेच तर ते बहुतांशी त्यांतल्या थोड्या सुरकुतलेल्या, रंग बदललेल्या दाण्यांत साठलेले असते. म्हणून दाणे निवडणे हा साधासा उपाय खरोखर परिणामकारक ठरतो. बुरशी पुसून काढली तरी विष आत उरते, आणि भाजण्याने किंवा शिजवण्याने ते पूर्णपणे जात नाही.

अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत विज्ञानाला गुन्हेगाराच्या बोटांचे ठसेही मिळाले आहेत. यकृतात त्याचे एक आक्रमक रूप तयार होते, ते डीएनएला चिकटते, आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या टीपी-५३ या जनुकात अगदी ठरावीक जागी, २४९ व्या संकेतावर (डीएनएच्या तीन अक्षरांच्या गटावर), एका अक्षराचा बदल घडवते. १९९१ मध्ये चीन आणि आफ्रिकेचा दक्षिण भाग इथल्या यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत हाच बदल पुन्हा पुन्हा आढळला. शांघायमधल्या पुरुषांच्या एका पाहणीने तर आणखी मोलाची गोष्ट दाखवली. ज्यांच्या लघवीत अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या सुमारे ३.४ पट होता. ज्यांना हिपॅटायटिस-बी विषाणूची लागण होती त्यांना ७.३ पट, आणि ज्यांच्यात दोन्ही होते त्यांना जवळजवळ ५९ पट. म्हणजे त्याच दूषित धान्याने दोन माणसांचे नुकसान सारखे होत नाही. धान्य कोरडे ठेवणे आणि हिपॅटायटिस-बीची लस टोचणे हे दोन वेगळ्या खात्यांचे उपाय वाटतात, पण ते एकाच रोगावर चालतात.

इतके स्वच्छ पुरावे क्वचितच मिळतात, आणि काही वेळा साप साप म्हणून भुई धोपटली जाते. सॅकरीन या कृत्रिम गोडी आणणाऱ्या पदार्थाचे तसे झाले. मोठ्या मात्रेने नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या म्हणून १९७७ मध्ये कॅनडाने त्याच्यावर बंदी घातली आणि अमेरिकेत त्याच्या पाकिटांवर २००० सालापर्यंत इशारा छापला जात होता. पुढे कळले की उंदरांच्या मूत्राच्या खास घडणीमुळे त्यात स्फटिक बनतात आणि ते मूत्राशयाचे अस्तर खरवडतात. माणसात तसे घडत नाही. कॉफीलाही १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयावरून २-ब श्रेणी मिळाली होती. कॉफी जास्त पिणाऱ्यांत धूम्रपान करणारेही जास्त होते, आणि सिगारेटचे पाप कॉफीच्या माथी लागण्याचा धोका त्या जुन्या अभ्यासांत होता. २०१६ मध्ये नव्याने पाहिल्यावर तिला तिसऱ्या श्रेणीत उतरवण्यात आले. त्याच बैठकीत ६५ अंश सेल्सिअसहून गरम असलेल्या कोणत्याही पेयाला मात्र अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी २-अ श्रेणी मिळाली, म्हणजे दोष पेयाचा नसून चटक्याचा ठरला. २०२३ मध्ये ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोडी आणणारा आणखी एक पदार्थ २-ब मध्ये आला, तेव्हा दुसऱ्या तज्ज्ञसमितीने दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेवली. सत्तर किलोच्या माणसाने ती ओलांडायची तर इतर कशातूनही ॲस्पार्टेम न घेता दिवसाला नऊ ते चौदा कॅन शीतपेय प्यावे लागेल.

पदार्थ तोच आणि माणूस वेगळा, तर काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण एका ‘चांगल्या’ पदार्थाचे आहे. भाज्या आणि फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, आणि भाज्यांत बीटा-कॅरोटीन हे रंगद्रव्य असते, म्हणून त्याच्या गोळ्या द्याव्यात, हा तर्क १९८० च्या दशकात कोणालाही पटण्यासारखा होता. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. काहींना बीटा-कॅरोटीन मिळाले, काहींना बिनऔषधी गोळी. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. धूम्रपान करणारे आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले लोक यांच्यावरचा अमेरिकेतला तसाच एक प्रयोग १९९६ च्या जानेवारीत मुदतीआधी थांबवावा लागला, कारण तिथे ही वाढ २८ टक्के दिसत होती. चीनच्या लिनशियन भागात त्याच काळात तिसरा प्रयोग चालू होता. तिथल्या लोकांच्या आहारात जीवनसत्त्वांची मुळातच कमतरता होती. त्यांना बीटा-कॅरोटीन, ई-जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिले गेले, आणि त्यांच्यात जठराच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २१ टक्क्यांनी घटले.