‘गेटिंग ऑन’ची पार्श्वभूमी : मेट्रन परत आली त्या दशकाची गोष्ट

ब्रिटिश ब्लॅक कॉमेडीचा विषय निघाला की तीच चार-पाच नावं पुढे येतात. जुलै २००९ मध्ये बीबीसी फोरवर सुरू झालेली ‘गेटिंग ऑन’ ही मालिका त्यांत क्वचितच असते, आणि हा तिच्यावर अन्याय आहे. एनएचएसमधला, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतला, वृद्ध स्त्रियांचा एक वॉर्ड, तिथली डॉक्टर, वॉर्ड सिस्टर, बऱ्याच खंडानंतर कामावर परतलेली नर्स आणि एक पुरुष मेट्रन, म्हणजे नर्सेसवरचा वरिष्ठ, एवढाच पसारा. तीन पर्वं, एकूण १५ भाग. मालिका कुठूनही बघायला लागलात तरी हसू येतंच. पण ते हसू घशात का अडकतं हे कळायचं, तर त्याआधीच्या दहा वर्षांत ब्रिटिश इस्पितळांत काय चाललं होतं ते माहीत हवं.

वृद्धांच्या वॉर्डांचं मूळ जुन्या वर्कहाउसांच्या, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या आश्रयगृहांच्या, दवाखान्यांत आहे. १९३५ मध्ये पश्चिम लंडनमधल्या एका डॉक्टर बाईंच्या हाती अशा दवाखान्यातले ७०० हून अधिक रुग्ण आले. वर्षानुवर्षं खाटेला खिळलेल्या त्या माणसांना तपासून, उठवून, चालवून त्यांनी वृद्धरोगशास्त्राचा पाया घातला. १९४८ नंतर ही शाखा एनएचएसमध्ये आली खरी, पण मानाच्या शाखांच्या पंगतीला कधी बसली नाही. मानाच्या जागा ज्यांना सहजी मिळत नव्हत्या, अशा दक्षिण आशियाई डॉक्टरांनी ती पुढे अनेक वर्षं चालवली. त्या कामाची नोंद अलीकडेच होऊ लागली आहे.

आता मेट्रनकडे येऊ, कारण मालिकेचं मर्म तिथे आहे. आपल्याकडच्या सरकारी इस्पितळांत मेट्रन ऐकून माहीत असते. ब्रिटनमध्ये मात्र १९६६ च्या एका समितीच्या अहवालानंतर हे पद मोडीत निघालं आणि त्याजागी श्रेणीवार नर्सिंग अधिकारी आले. जुन्या मेट्रनच्या हाताखाली नर्सेस तर असतच, शिवाय स्वयंपाकघर, धोबीखाना, झाडलोट यांवरही तिचा वचक असे. १९८३ पासून साफसफाई, कपडे धुणं आणि जेवण यांसाठी निविदा काढणं सक्तीचं झालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अहवालाने इस्पितळांत व्यवस्थापकांचं राज्य आणलं. म्हणजे वॉर्डात फरशी घाण दिसली, तर सिस्टरने कंत्राटदाराला कळवायचं आणि वाट बघायची.

पुढे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरू लागली, आणि लोकांना जुनी करडी मेट्रन आठवली. आठवली ती बरीचशी विनोदी सिनेमांतून, हे विसरता कामा नये. सरकारने जुलै २००० च्या आराखड्यात तिला परत आणण्याचं आश्वासन दिलं आणि २००१ पासून ‘मॉडर्न मेट्रन’ नेमल्या जाऊ लागल्या. २००७ मध्ये त्यांची संख्या ५,००० वर नेण्याची आणि सगळी इस्पितळं घासूनपुसून काढण्याची घोषणा झाली. निर्णय लोकप्रिय होता. काही इस्पितळांत त्याने फरकही पडला, असं त्याचे समर्थक सांगतात. पण मला तो निर्णय मुळातच अर्धा वाटतो. पद परत आलं, पदामागची सत्ता आली नाही. कंत्राटं तशीच राहिली, व्यवस्थापक तसेच राहिले, आणि वॉर्डावर हुकूम चालवायचा सोडून मेट्रनच्या वाट्याला बैठका, तपासणीचे तक्ते आणि धोरणाची भाषा आली.

मालिकेतला मेट्रन नेमका या खाचेतून जन्मलेला आहे. तो दुष्ट नाही. प्रशिक्षणवर्गात शिकलेली गोडगोड वाक्यं तो मनापासून बोलतो आणि वॉर्डातल्या कुठल्याच अडचणीला हात घालू शकत नाही. पहिल्याच भागात एका खुर्चीवर शी सापडते. नर्स पुसायला निघते, तर सिस्टर अडवते, कारण आधी घटनेचा फॉर्म भरायला हवा. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना तो नमुना हवासा वाटतो. प्रचलित तक्त्यात मलाचे सात प्रकार आहेत, ते त्यांना अपुरे वाटतात आणि त्यावर त्यांचं संशोधन चालू आहे. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या गराड्यात ती खुर्ची तशीच राहते.

हे अतिशयोक्त वाटलं तर तारखा बघा. मालिका सुरू होण्याआधी चारच महिने, मार्च २००९ मध्ये, स्टॅफर्डच्या इस्पितळाबद्दलचा चौकशी अहवाल आला होता. खर्चकपात आणि उद्दिष्टांच्या मागे लागलेल्या त्या इस्पितळात म्हातारी माणसं पाण्यावाचून, ओल्या अंथरुणात पडून होती. त्यावरच्या सार्वजनिक चौकशीचा, २९० शिफारशींचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, म्हणजे तिसरं पर्व संपल्यावर काही महिन्यांतच. मालिका स्टॅफर्डवर बेतलेली आहे असं म्हणायचं कारण नाही. पण दोन्हींना एकाच काळाची हवा लागलेली आहे. तिन्ही लेखिकांनीच मुख्य भूमिका केल्या, आणि नर्सचं काम करणारीने विनोदाच्या क्षेत्रात येण्याआधी मनोरुग्णांची नर्स म्हणून दहा वर्षं नोकरी केलेली होती. तिचं फॉर्म बघून सुस्कारा टाकणं शिकवून येण्यासारखं नाही. २०११ चा बाफ्टा हा ब्रिटिश टीव्ही पुरस्कार तिला मिळाला तो योग्यच होता.

हातात धरलेला कॅमेरा, फिकट रंग, हास्यध्वनीचा पत्ता नाही. ही धाटणी तोवर ब्रिटिश विनोदी मालिकांत रुळली होती, त्यामुळे त्यावर फार बोलण्याची गरज नाही.

नंतरचा प्रवास असा. २०११ मध्ये खर्चकपातीत बीबीसी फोरच्या नव्या नाट्य-विनोदी निर्मितीवरच कात्री आली. तिसरं पर्व २०१२ मध्ये आलं, चौथं आलं नाही. २०१३ ते २०१५ दरम्यान एचबीओने अमेरिकन अवतार काढला. त्याचे १८ भाग झाले, आणि तिथे एनएचएसच्या फॉर्मांची जागा मेडिकेअरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या, हिशेबांनी घेतली. २०१६ मध्ये ‘गोइंग फॉरवर्ड’ नावाची तीन भागांची पुढची मालिका आली. तीत तीच नर्स आता खासगी कंपनीकडून घरोघरी जाऊन वृद्धांची सेवा करते, प्रत्येक भेटीला मिनिटं मोजून मिळतात. वॉर्डातली सगळी ओढाताण तिथे गाडीत बसून रस्त्यावर आलेली दिसते.

बघायची तर पहिल्या पर्वापासूनच बघा. ते तीनच अर्ध्या तासांचं आहे, आणि दुसऱ्यात सिस्टर आणि मेट्रन यांचं जे काही जुळतं ते त्याशिवाय कळणार नाही. अमेरिकन अवतार त्यानंतर.