बठ्ठी चरबी गयी कथा?

माझा भाचा जळगावच्या मेहरूण तलावाकाठी पळतो. एप्रिलात, पारा 43 च्या पुढे गेलेला असताना, अंगात रेनकोट घालून. घाम जितका जास्त तितकी चरबी वितळते, असं त्याला कुणी जिमवाल्याने सांगितलंय. परवा तो मोबाइल नाचवतच घरात शिरला. "मामा, हे बघ! आधी ढेरी, मग सिक्स पॅक. चरबीचेच मसल केले याने!"

फोटो होते रॉब मॅकएल्हेनीचे. 'इट्स ऑल्वेज सनी इन फिलाडेल्फिया' ही अमेरिकी विनोदी मालिका 2005 पासून चालू आहे. तिचा जनक तोच आणि तिच्यातलं मॅक हे पात्र करणाराही तोच. मालिका लांबत गेली की कलाकार वर्षागणिक देखणे होत जातात, हे पाहून गड्याने उलटं करायचं ठरवलं. 2011 च्या सातव्या सीझनसाठी त्याने सुमारे 27 किलो वजन वाढवलं. ते उतरवलं, आणि 2018 च्या तेराव्या सीझनमध्ये दगडात कोरल्यासारखा उभा राहिला. फोटोंच्या मधली सात वर्षं मात्र कुणीतरी कात्रीने उडवली होती.

चरबीचा स्नायू होत नाही. चरबीत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं. स्नायूच्या प्रथिनाला नायट्रोजन लागतो, तो चरबीतून आणणार कुठून? तेलाच्या घाण्यातून तूरडाळ निघत नाही.

आई गच्चीवर बिबडे वाळत घालून नुकतीच खाली आली होती. मूळची अमळनेरची, बोलते अहिराणी. तिने बरोबर वर्मावर बोट ठेवलं, "मंग ती बठ्ठी चरबी गयी कथा?" म्हणजे, मग ती सगळी चरबी गेली कुठे?

हा प्रश्न डॉक्टरांनाही चकवतो. बहुतेक जण सांगतात, उष्णता झाली, ऊर्जा झाली. पण शरीरातल्या रासायनिक क्रियांत अणू नाहीसे होत नाहीत. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या मीरमन आणि ब्राउन या दोन संशोधकांनी याचा चोख हिशेब छापला. 10 किलो चरबी पूर्ण जळली, तर तिच्यातले 8.4 किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडतात. उरलेल्या 1.6 किलोचं पाणी होतं. रॉबचे 27 किलो सगळे चरबीचेच होते असं धरलं, तर जवळपास 23 किलो त्याने नाकातोंडावाटे हवेत सोडले!

आता माझा आवडता भाग. चरबीचा एक नमुनेदार रेणू घ्या: 55 कार्बन, 104 हायड्रोजन, 6 ऑक्सिजन. तो जाळायला ऑक्सिजनचे 78 रेणू लागतात. आधी चरबीच्या पेशीत त्याचे तुकडे होतात, ग्लिसरॉल आणि तीन मेदाम्लं. मेदाम्लं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून स्नायूत पोचतात आणि मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांत, शिरतात. तिथे त्यांची लांब साखळी दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी छाटली जाते, जशी उसाची कांडी. हे तुकडे क्रेब्स चक्र नावाच्या रासायनिक क्रियांच्या फेऱ्यात पडले की कार्बन डायऑक्साइड सुटतो.

इथे शाळेतलं 'कार्बन अधिक ऑक्सिजन' विसरा. आपण आत घेतलेला ऑक्सिजन थेट कार्बनला चिकटत नाही. तो इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणाऱ्या वेगळ्याच साखळीच्या अगदी शेवटी इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन झेलतो आणि त्याचं पाणी होतं. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन येतो तो मेदाम्लातून आणि आजूबाजूच्या पाण्यातून. (भाच्याचे डोळे इथे मिटायला लागले. मी थांबलो नाही.)

मग जोरजोरात श्वास सोडला की झालं? तसं शिकवणारी शिबिरं भरतात, फी घेऊन. पण कार्बन आधी मायटोकाँड्रियात सुटावा लागतो. स्नायूंना काम न देता नुसता भाता चालवला, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि चक्कर येते. ढेरी आहे तिथेच राहते. आणि रोज जितका कार्बन सोडता त्यापेक्षा कमी खाल्लात तरच फरक पडतो. झोप, आराम आणि हलकीफुलकी हालचाल एवढ्यावरच दिवस काढला तरी माणूस साधारण 200 ग्रॅम कार्बन बाहेर टाकतो. शेवभाजीच्या एका पंगतीत तो व्याजासकट परत येतो.

रेनकोटचा निकाल वजनकाट्यावर लावला. भाचा पळून आला, आठशे ग्रॅम कमी. खूश. मग दोन तांबे पाणी प्यायला, पुन्हा काट्यावर चढला आणि काटा पहिल्यापेक्षा पुढे गेला. त्या उन्हात रेनकोट घालून पळणं म्हणजे उष्माघाताला आवतण, हेही सुनावलं.

रॉबने स्वतःच आपल्या कायापालटाची टिंगल केली आहे. आवडीचं सगळं खाणं बंद, दारू बंद, रोज व्यायाम, भरपूर झोप, हाताशी प्रशिक्षक आणि खर्चाला स्टुडिओ, एवढं असलं की झालं, असं त्याचं म्हणणं.

भाच्याला शेवटी एकच शंका उरली. "सोडलेला कार्बन जातो कुठे?"

मी रावेर-यावलकडे बोट दाखवलं. केळीची पानं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची साखर करतात.

आई म्हणाली, "म्हंजे तुन्ही ढेरी केयीमा?" आणि टोपलीतलं एक केळं सोलून भाच्याच्या हातात दिलं.