बाळाचं बोलणं : घरी काय करायचं, आमच्याकडे कधी यायचं

शेजारचं पोर भराभरा बोलायला लागलंय, आपलं मात्र अजून नुसतं बोट धरून ओढत नेतंय. घरातली मोठी माणसं म्हणतात, 'बोलेल की, याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता.' आणि आईला रात्री झोप लागत नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांची गोष्ट अशीच सुरू होते, म्हणून हे पत्रक.

मिरजेत दोन खोल्यांत आम्ही दोघी लहान मुलांच्या बोलण्याचं आणि ऐकण्याचं काम करतो. जत, कवठेमहांकाळ, शिरोळकडून माणसं येतात, अथणी-चिकोडीकडूनही येतात. एवढ्या लांबून आलेल्या आईबापांना आम्ही पहिल्याच दिवशी जे सांगतो, ते इथे आधीच लिहून ठेवतो. त्यातलं निम्मं घरी करता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत.

बोलून झालं की थांबा

'मुलाशी भरपूर बोला' हा सल्ला तुम्हाला सगळ्यांनीच दिला असेल. तो बरोबर आहे, पण अर्धाच. आमच्या खोलीत आई आणि बाळ खेळायला बसतात तेव्हा आम्ही कोपऱ्यातून बघत असतो. आई म्हणते, 'पाणी पाहिजे का? हो? पाहिजे ना बाळाला? थांब हं, देते.' प्रश्न तिचा, उत्तरही तिचंच आणि सगळं एका दमात. बाळाने तोंड उघडायच्या आत पेला ओठाला लागलेला असतो. ती माया आहे, पण त्या मायेत बाळाची पाळी राहून जाते.

मोठ्या माणसाला उत्तर द्यायला क्षणभर पुरतो. दीड वर्षाच्या मुलाला शब्द ऐकायचा असतो, त्याचा अर्थ लावायचा असतो, आपला शब्द शोधायचा असतो आणि मग ओठ-जीभ त्या शब्दासारखे हलवायचे असतात. म्हणून असं करून बघा. तांब्या त्याला दिसेल असा धरा. 'पाणी' म्हणा आणि थांबा. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. त्याच्या तोंडाकडे बघत राहा. ते तांब्याकडे बघेल, हात पुढे करेल, 'पा' म्हणेल, नाहीतर नुसता हुंकार देईल. यातलं काहीही झालं तरी ते बोलणंच आहे. लगेच उत्तर द्या, 'पाणी! घे, गार पाणी.' आणि पाणी द्या.

एक कृपा करा. 'आधी पाणी म्हण, मगच देईन' असं कधी करू नका. तहानलेलं पोर रडेल, शब्द शिकणार नाही. पाच आकडे झाले आणि काहीच आलं नाही, तर शब्द स्वतः म्हणा आणि पाणी देऊन टाका. दिवसभरात अशा वीस-पंचवीस वेळा सहज येतात : कुकरची शिट्टी, दाराची कडी, चप्पल घालणं, अंघोळीचा पहिला तांब्या अंगावर ओतायच्या आधीचा क्षण. वेगळा 'अभ्यासाचा तास' काढायची गरज नाही.

हे पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधीपासून करता येतं. बाळाला आईच्या पोटात असतानाच आवाज ऐकू येऊ लागतात, आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं. दोन-तीन महिन्यांचं बाळ 'आऽऽ' करतं, सहा महिन्यांच्या पुढे 'बाबाबा', 'दादादा' सुरू होतं. त्याने आवाज काढला की तुम्ही काढा, मग थांबा, परत त्याची पाळी. आजीच्या मांडीवर तळहातावर मोर बसवायचा खेळ चालतो त्यातही हेच आहे : शेवटच्या गुदगुल्यांच्या आधी आजी क्षणभर थांबते आणि बाळ डोळे मोठे करून वाट बघतं. ती थांबण्याची जागा वाढवा.

कुठले शब्द आधी?

बरेच पालक येतात आणि कौतुकाने सांगतात, 'त्याला सगळे रंग येतात, एबीसीडी येते, वीस प्राणी ओळखतो.' मग आम्ही विचारतो, 'भूक लागली की काय म्हणतो?' तर उत्तर येतं, 'रडतो.' जांभळा रंग आणि जिराफ सहा महिन्यांनी आले तरी चालतील. आधी ते शब्द हवेत ज्यांनी पोराचं काम होतं : दे, घे, ये, नको, अजून, उघड, पडलं, संपलं, गेलं, उचल. एक 'नको' आला तर घरातला निम्मा आरडाओरडा थांबतो.

तसंच 'हे काय? ते काय? सांग बघू, काकांना सांग' अशी परीक्षा घेऊ नका. परीक्षा कुणालाच आवडत नाही. मूल जिकडे बघतंय तिकडे तुम्ही बघा आणि त्याचंच नाव घ्या. भाजी निवडताना ते शेंग हातात घेतं, तेव्हा 'शेंग. शेंग मोडली. कट्ट!' एवढं पुरे. लहान वाक्यं, पण खरी, पूर्ण मराठी वाक्यं.

भूभू, माऊ, मम्म, भूर, गाई करणं ही बाळबोली बंद करावी का, असं खूप जण विचारतात. अजिबात नको. तेच तेच अक्षर दोनदा आलं की ओठांना सोपं जातं, आणि प, ब, म हे आवाज दिसतातही. फक्त मोठा शब्द सोबत ठेवा : 'भूभू आला. काळा कुत्रा आला.' वेळ आली की पोर स्वतःच भूभू सोडतं.

'दूद पडला'

दोन-अडीच वर्षांची मुलगी म्हणते, 'दूद पडला.' तिला 'पडला नाही, पडलं म्हण' असं सुधारत बसू नका. 'हो गं, दूध पडलं. सगळं दूध सांडलं!' एवढं म्हणा. तिला बरोबर रूप ऐकायला मिळालं आणि तिची गोष्टही पुढे गेली. मराठीत तीन लिंगं, त्यात क्रियापद प्रत्येकाबरोबर बदलतं. एवढं मोठं गणित पोरं नुसतं ऐकून सोडवतात. 'मी आलो' म्हणणारी मुलगी बहुधा बाबांचं किंवा दादाचं ऐकून बोलत असते. तिला हसू नका आणि पाहुण्यांपुढे ते परत म्हणायलाही लावू नका.

उच्चारांचंही तेच. काकाचा 'ताता', बाळाचं 'बाल', रामाचा 'लाम' हे सुरुवातीला सगळीकडेच होतं. 'र' तर काही मुलांना पाच वर्षांनंतरच नीट येतो. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही बरंचसं कळायला हवं, चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं. तसं नसेल तर या.

घरात दोन भाषा

आपल्या भागात आई मराठी, आजी कानडी, शेजारी हिंदी असं सर्रास असतं. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही. दोन्हीकडचे शब्द मिळून मोजा : त्याला मराठीत 'पाणी' आणि कानडीत 'हालु' (दूध) येत असेल तर ते दोन शब्द झाले. आजीला तिची भाषा सोडायला सांगू नका, ती कानडीत जेवढं भरभरून बोलेल तेवढं तोडक्या मराठीत बोलणार नाही. हाच नियम इंग्रजीला लावा. शाळेच्या धास्तीने घरी 'कम, सिट, ईट' एवढ्यावर भागवलं, तर पोराला ना इंग्रजी मिळतं ना मराठी. ज्या भाषेत तुम्ही रागावता आणि लाड करता, तीच बोला.

मोबाइल

मोबाइल कुणाच्या बोलण्याची वाट बघत नाही, म्हणून तो बोलायला शिकवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, दोन वर्षांपर्यंतही टाळावा आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाहून जास्त नको. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्लाही जवळपास असाच आहे. परगावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो, कारण आजोबा उत्तर देतात. जेवताना मोबाइल सोडवणं सगळ्यात कठीण, हे आम्हाला ठाऊक आहे. पण जेवण हीच दिवसातली सगळ्यात मोठी गप्पांची वेळ, म्हणून सुरुवात तिथूनच करा. पहिले चार-पाच दिवस पोर कमी जेवेल. घरातल्या सगळ्यांनी मिळून ते सोसायची तयारी ठेवा.

आधी कान

बोलणं उशिरा असलं की आम्ही पहिल्यांदा कान तपासतो. 'भांडं पडलं की दचकतो, म्हणजे ऐकू येतं' असं समजू नका. मोठे आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक आवाज हुकू शकतात. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकणं मंदावतं. आदर्श वेळापत्रक असं असतं : जन्मल्यावर पहिल्या महिन्यात चाचणी, दोष वाटला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू. ओएई या चाचणीत कानात छोटी नळी ठेवतात, काही मिनिटांत होते, दुखत नाही. पुढची बेरा चाचणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) लागली तर आम्ही चिठ्ठी देऊन पाठवतो.

थांबू नका, या

एक वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोटाने काही दाखवत नाही, हाक मारली तर वळत नाही. सोळा-अठरा महिन्यांचं झालं तरी एकही शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी 'मम्म दे', 'बाबा गेला' असे दोन शब्द जोडत नाही. आणि कुठल्याही वयात, येत असलेले शब्द बोलायचे बंद झाले, तर त्याच आठवड्यात दाखवा. 'मुलगे उशिराच बोलतात' यावर विसंबू नका. मुलगे आणि मुली यांच्यातला सरासरी फरक थोडासाच असतो, त्याने एक वर्षाचा उशीर झाकला जात नाही.

जिभेला वेखंड, अक्कलकारा मधात उगाळून लावतात. ज्या आजी हे करतात त्यांच्या मनात नातवंडाचं भलंच असतं. पण त्याने शब्द येत नाहीत, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं आहे, तो देऊच नका. जीभ खाली चिकटलेली असली तर काही उच्चार अडू शकतात, पण मूल अजिबात बोलत नाही याचं कारण बहुतेक वेळा जिभेत नसतं. जीभ कापून घ्यायच्या आधी एकदा दाखवा.

कुठेही जा, आमच्याकडे किंवा दुसरीकडे, पण भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. आमचे दोघींचे क्रमांक भिंतीवर लावलेले आहेत. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. २०१३ पासून तो चालू आहे, त्यात तपासणी मोफत होते आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठी अली यावर जंग संस्था आहे, ती सरकारी आहे.

पहिल्या भेटीला येताना

तासभर लागतो. जन्माच्या वेळची फाइल, लसीकरणाचं कार्ड आणि त्याचं आवडतं खेळणं आणा, नवं नको, रोजचंच हवं. दिवसभर बाळाला सांभाळणारं माणूस सोबत असू द्या, मग ती आजी असो की शेजारच्या काकू, कारण घरी काय करायचं ते त्यांनाच शिकायचं आहे. घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ असेल तर दाखवा, कारण नव्या जागी पोरं गप्प बसतात. कानाची चाचणी झोपेत चांगली होते, म्हणून त्या दिवशी सकाळी लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका आणि इथे आल्यावर दूध पाजा. आम्ही बेराची चिठ्ठी दिली असेल, तर बेराच्या दिवशी बाळाच्या डोक्याला तेल लावू नका, तेलावर चाचणीच्या चकत्या चिकटत नाहीत.