एच-इंडेक्स आला कुठून? लायब्ररीच्या हिशोबापासून प्रमोशनच्या फाईलपर्यंत

आजकाल कुठल्याही प्राध्यापकाचं गूगल स्कॉलर प्रोफाईल उघडा, बाजूला लगेच आकडे दिसतात, सायटेशन्स (म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या लेखांत केलेले उल्लेख) इतकी, एच-इंडेक्स इतका, आयटेन (म्हणजे किमान दहा सायटेशन्स मिळालेले पेपर) इतका. हे इतकं अंगवळणी पडलंय की वाटतं माणसं मोजायलाच कुणीतरी हे सगळं शोधून काढलं असणार. पण एच-इंडेक्स सोडला तर यातलं बरंचसं सामान वकिलांच्या आणि लायब्ररीवाल्यांच्या कपाटातून उचललेलं आहे.

वकिलांचं आधी. अमेरिकेत १८७३ मध्ये फ्रँक शेपर्ड नावाच्या माणसाने एक धंदा काढला. वकील जुना निकाल दाखवून युक्तिवाद करतो, पण तोच निकाल नंतर वरच्या कोर्टाने फिरवला असेल तर भर कोर्टात पंचाईत. म्हणून अमुक निकालाचा उल्लेख पुढे कुठल्या कुठल्या निकालात आला याच्या डिंक लावलेल्या चिठ्ठ्या शेपर्ड छापायचा आणि वकील त्या आपल्या पुस्तकात त्या त्या जागी चिकटवायचे. पुढे त्याचेच जाडजूड ग्रंथ निघाले.

लायब्ररीची गोष्ट १९२७ ची. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजात ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांपुढे प्रश्न होता की केमिस्ट्रीची कुठली जर्नल्स घ्यायची, पैसे तर मोजकेच. त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा एका वर्षाचा अंक-संच घेतला आणि तळटिपांमध्ये कुठल्या जर्नलचं नाव किती वेळा येतं ते मोजत बसले. ज्याचं नाव जास्त ते आधी मागवायचं. बस, एवढाच हिशोब होता. लेख कुणी लिहिलाय याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

हे दोन्ही धागे युजीन गारफिल्डच्या कथेत येऊन मिळतात. गारफिल्ड १९५० च्या सुरुवातीला मेडिकल लेखांची सूची यंत्राने कशी करता येईल या प्रकल्पावर काम करत होता, तेव्हा शेपर्डच्या कंपनीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याने त्याला पत्र लिहून कळवलं की बाबा आमच्याकडे वकिलांसाठी असं असं असतं. गारफिल्डच्या डोक्यात ट्यूब पेटली. १९५५ मध्ये त्याने ही कल्पना मांडणारा लेख सायन्स साप्ताहिकात लिहिला, १९६० मध्ये फिलाडेल्फियात आयएसआय ही कंपनी उभी केली आणि १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्सचे पाच खंड बाहेर काढले, त्यात ६१३ जर्नल्सचा हिशोब होता. हेतू शोधाशोधीचा, म्हणजे एखादा जुना पेपर हातात आहे तर त्याच्यावर पुढे कुणी काम केलं हे चटकन सापडावं.

इम्पॅक्ट फॅक्टर पण तसाच. इंडेक्समध्ये कुठली जर्नल्स घ्यायची हे ठरवायला गारफिल्ड आणि अर्व्हिंग शेर यांनी काढलेलं ते गणित, कारण नुसती एकूण सायटेशन्स बघितली तर मोठी जर्नल्सच पुढे जातात आणि लहान पण दमदार जर्नल्स मागे पडतात. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेली सायटेशन्स भागिले त्या दोन वर्षांतले लेख, झालं. ही जर्नलची सरासरी आहे. वर्गाची सरासरी चांगली म्हणून मागच्या बाकावरचा पोरगा पास होत नाही, पण नेमणुकीच्या समित्यांनी नेमकं तेच केलं. गारफिल्ड स्वतः पण अगदी सोवळा नव्हता बरं का, त्यानेच सगळ्यात जास्त उद्धृत होणाऱ्या लेखकांच्या याद्या छापल्या आणि १९६७ च्या यादीतल्या दोघांना, बार्टन आणि गेल-मान यांना, १९६९ चं नोबेल मिळालं तेव्हा या आकड्यांचा भाव आणखी वधारला. दुसरीकडे ऑलिव्हर लाउरी बघा, प्रोटीन मोजण्याच्या पद्धतीवरचा त्याचा १९५१ चा पेपर तीन लाखांवर वेळा उद्धृत झालाय, नोबेल मात्र नाही. प्रयोगशाळेत रोज वापरायची पद्धत म्हटल्यावर जो तो त्याचं नाव टाकणारच.

थेट माणसाला मोजायचा आकडा आला २००५ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या होर्हे हिर्श या फिजिक्सवाल्याने एच-इंडेक्स काढला, म्हणजे प्रत्येकी किमान एच सायटेशन्स असलेले तुमचे एच पेपर. समजा तुमचे सहा पेपर आहेत आणि सायटेशन्स ४०, २२, ९, ५, ४, १ अशी उतरत्या क्रमाने आहेत. चौथ्या पेपरला ५ आहेत म्हणजे चारला पुरले, पाचव्याला ४ च म्हणजे पाचला कमी पडले, तुमचा एच ४. पहिल्या पेपरची ४० ची ४००० झाली तरी एच चारच! हिर्शने त्याच पेपरात अंदाज पण देऊन टाकला की मोठ्या विद्यापीठातल्या फिजिक्सवाल्याला कायम व्हायला साधारण १२ आणि फुल प्रोफेसर व्हायला १८ च्या आसपास. २००४ च्या नोव्हेंबरात स्कोपस (सायटेशन्स मोजणारी माहितीसूची) आणि गूगल स्कॉलर नुकतेच सुरू झालेले, त्यामुळे गणित करायला कागद-पेन्सिल पण लागेना. हा आकडा सपशेल फसू शकतो आणि त्याचे वाईट परिणाम होतात असं २०२० मध्ये खुद्द हिर्शनेच लिहिलं, पण तोवर गाडी सुटली होती.

आपल्याकडे यूजीसीने २०१० मध्ये एपीआय, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला पॉइंट देणारी पद्धत, आणली आणि स्टाफरूमची भाषाच बदलली. रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या, जर्नलमधल्या पेपरला १५ पॉइंट, नॉन-रेफरीड पण आयएसएसएन असलेल्याला १०. आता आयएसएसएन हा जर्नलचा नोंदणी क्रमांक, म्हणजे गाडीची नंबरप्लेट, गाडी चालते की नाही ते त्यावरून कळत नाही. पैसे घेऊन चार दिवसांत पेपर छापणारी दुकानं गल्लोगल्ली निघाली. २०१८ मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली जर्नल्स तपासली तर ८८ टक्क्यांहून जास्त सुमार निघाली. त्याच वर्षी यूजीसीने ४३०५ जर्नल्स काढून टाकली आणि मग मान्य जर्नल्सची नवी केअर यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांची गोची वेगळीच. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांचा आधार मराठी इतिहासलेखनात पावलोपावली घेतला जातो, पण तो घेणारी बहुतेक पुस्तकं आणि मासिकं स्कोपसच्या खिजगणतीत नाहीत, त्यामुळे तिथे हिशोब काढला तर हाती फारसं काही लागणार नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने केअर यादीच बंद केली, आता ज्याने त्याने आपलं ठरवा म्हणे. तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माझ्या मित्राची कॅसची, म्हणजे प्रमोशनची, फाईल तेव्हा अर्धी भरून झाली होती. त्याने रात्री मेसेज टाकला, "मग आता नक्की कुठली यादी बघायची?" मी काय सांगणार, हसायची इमोजी पाठवली.