धूर व कार्बन मोनॉक्साइड अलार्म (घरगुती)

घरातील हवेत धूर किंवा कार्बन मोनॉक्साइड वायू वाढला की मोठ्या आवाजात सावध करणारे उपकरण. दोन्ही कामे एकाच डबीत करणारे प्रकारही मिळतात. आवाजासोबत मोबाइलवर सूचना जाते त्याला स्मार्ट अलार्म म्हणतात. कोल्हापुरात यांपैकी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जास्त गरजेचा मानावा लागेल. इथल्या अनेक न्हाणीघरांत गॅस गिझर आहे आणि जुन्या पेठांतल्या काही घरांत तांब्याचा बंब अजून पेटतो. (पाणी तापवतो तोही बंब आणि आग विझवायला येतो तोही बंबच.)

कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. इंधन अपुऱ्या हवेत जळाले की तो तयार होतो. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या सुमारे 200 ते 250 पट ओढीने धरते, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, मळमळते, गरगरते. पित्त झाले असावे असे वाटून माणूस पडून राहतो. मात्र घरातल्या दोघा-तिघांना एकदमच असे होऊ लागले आणि बाहेर मोकळ्यावर आल्यावर बरे वाटले, तर ते पित्त नव्हे.

खरेदीत नेहमी होणारी गल्लत एलपीजीशी होते. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याच्या गळतीचा सेन्सर फरशीपासून फूटभर उंचीवर लावतात. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका असतो आणि खोलीभर मिसळतो. एकाचा सेन्सर दुसऱ्याचे काम करत नाही. दुकानात नुसता ‘गॅस अलार्म’ मागितला तर एलपीजीचाच हातात पडू शकतो, तेव्हा खोक्यावर वायूचे नाव वाचून घ्यावे. ईएन 50291 हे युरोपीय मानक पाळणारा अलार्म 50 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे 50 भाग) 60 ते 90 मिनिटांत, 100 पीपीएमला 10 ते 40 मिनिटांत आणि 300 पीपीएमला 3 मिनिटांच्या आत वाजतो. थोड्या वायूला लगेच न वाजणे हा त्यातला बिघाड नाही. धुराच्या अलार्मवर ईएन 14604 (युरोपीय) किंवा यूएल 217 (अमेरिकी) या मानकांचे आकडे पाहावेत.

धूर ओळखण्याच्या दोन पद्धती आहेत. आयनीकरण पद्धतीत अमेरिशियम-241 या किरणोत्सारी मूलद्रव्याचा कण असतो आणि भडकलेली आग ती लवकर पकडते. प्रकाशीय पद्धतीत डबीत शिरलेल्या धुरावरून प्रकाश विखुरला की अलार्म वाजतो. गादी किंवा वायर आतल्या आत धुमसत असेल तर ही पद्धत आधी कळवते, आणि फोडणीच्या धुरालाही ती तुलनेने कमी बिचकते. तरी वर्षाच्या चटणीचा दिवस वेगळाच. मिरच्या भाजायला कढई चढली की घरातली माणसे ठसकत बाहेर पळतात, तिथे यंत्राने गप्प बसावे कसे? म्हणून धुराचा अलार्म शेगडीपासून किमान 3 मीटर लांब, निजायच्या खोलीबाहेरच्या बोळात, स्लॅबच्या मध्याजवळ लावावा. कौलारू घरात आढ्याच्या अगदी टोकात हवा कोंडते आणि धूर तिथवर पोचायला उशीर होतो. टोकापासून 10 सेंटीमीटर तरी खाली यावे.

गिझरच्या बाबतीत पेच आहे. न्हाणीघरातल्या वाफेने सेन्सर बिघडतो, म्हणून अलार्म दाराबाहेर लावावा लागतो. पण मग कडी लावून आंघोळ करणाऱ्याला तो वेळेत वाचवीलच असे नाही. थंडीत खिडकीची फट कापड कोंबून बंद करणारी घरे तर विचारूच नयेत. खरा उपाय म्हणजे गॅस गिझर बाहेर भिंतीवर बसवून गरम पाण्याचा नळ तेवढा आत आणणे. अलार्म त्यानंतरचा. बंबाच्या घरात तो न्हाणी आणि झोपायची खोली यांच्या मधे बसवावा. पुराच्या दिवसांत वीज गेली म्हणून जनरेटर जिन्यात किंवा गॅलरीत आणून चालवला, तर वरच्या मजल्यावरही हाच वायू चढतो.

‘स्मार्ट’पणाचा उपयोग घरी कोणी नसताना. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात लाइट गेली की राउटर बंद आणि मोबाइल मुका, म्हणून बॅटरीवर चालणारा, इंटरनेटशिवायही वाजणारा भोंगा असल्याशिवाय घेऊ नये. बहुतेक स्मार्ट अलार्मना 2.4 गिगाहर्ट्‌झचेच वाय-फाय लागते, हे जोडायला बसल्यावर कळते. दोन-तीन मजली एकत्र कुटुंबात एक वाजला की सगळे वाजतील असे जोडता येणारे अलार्म ॲपपेक्षा अधिक कामाचे. खाली झोपलेल्या आजी-आजोबांना मोबाइल ऐकू येत नाही. कंपनीच्या भरवशावरही फार राहू नये: 2013 साली आलेल्या नेस्ट प्रोटेक्ट या स्मार्ट अलार्मचे उत्पादन गूगलने 2025 साली थांबवले.

धुराच्या अलार्मचे आयुष्य साधारण 10 वर्षे, कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरचे 5 ते 10 वर्षे असते. बदलायची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते. महिन्याला एकदा बटण दाबून पाहावे, मात्र त्याने भोंगा आणि बॅटरी तपासली जाते, सेन्सर नव्हे. धुराच्या अलार्मच्या जाळीत झुरळ किंवा कोळ्याचे जाळे शिरले तरी तो उगाच वाजतो. दिवाळीपूर्वी रंगकाम करताना रंगारी त्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधतो, आणि ती सणानंतरही तशीच राहून जाते.